खानावळीत जेवताना मोबाईल बाजूला ठेवायला कसं सांगावं?

पेठेतला_वाढपी
सदाशिव पेठेत ३२ खुर्च्यांची खानावळ. बहुतेक मेंबर स्पर्धा परीक्षेवाले, गर्दी दुपारी १२.३० ते २.३०. तांब्याला मोबाईल टेकवून लेक्चर बघत जेवतात. पंधरा मिनिटांचं ताट अर्धा तास चालतं, दारात रांग. कानात इयरफोन, त्यामुळे "पोळी वाढू?" ऐकू जात नाही, अंदाजाने वाढलं की ताटात उरतं. पाटी लावावी की १० रुपये दंड? मुलं दुखावायची नाहीत.

ताकभात
दंड अजिबात नको. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तर उशीर करणारे वाढले. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दंड भरला की संकोच संपतो. तुमच्याकडेही पोरं १० रुपये टाकून निवांत दोन लेक्चरं उरकतील.

पाटी सगळ्यात शेवटी. आधी फोन हातात येतो कशामुळे ते बघा. क्यूआर कोड टेबलावर असेल तर काढून गल्ल्यावर न्या. मेंबरांना महिन्याचं छापील कार्ड द्या, रोजच्या गिऱ्हाइकाला आत येतानाच कूपन. म्हणजे पैसे देऊन फोन खिशात गेल्यावरच माणूस बसतो.

खरी गोम मात्र ताटाची वाट बघण्यात आहे. बसल्यावर पाच मिनिटं रिकामी गेली की व्हिडिओ सुरू होतो, आणि सुरू झालेला व्हिडिओ ताट आलं म्हणून कोणी बंद करत नाही. म्हणून १२.१५ लाच मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर घातलेली दहा-बारा ताटं लावून ठेवा. माणूस टेकला की ताट पुढ्यात, भाजी-आमटी-पोळी लगेच मागून. तांब्याही टेबलावरून उचला, पाणी जगातून वाढा. पेल्याला फोन टेकवतील, पण पाणी प्यायला पेला उचलावाच लागतो!

लिंबाची_फोड
भिंतीवर टीव्ही आहे का? मग आधी तो बंद करा. लोका सांगे ब्रह्मज्ञान नको.

रंधा
फोन गल्ल्यावर जमा करून घेऊ नका. काच तडकली, अदलाबदल झाली की जबाबदारी तुमची. टेबलाखाली प्रत्येक खुर्चीसमोर खण करा: १२ मिमी प्लाय, आतून रुंदी १०, उंची ४, खोली १८ सेंमी. मोठा फोन कव्हरसकट मावतो आणि गुडघे आपटत नाहीत. टेबलाच्या कडेपासून ५ सेंमी आत बसवा, नाहीतर ओल्या फडक्याचं पाणी खणात गळतं. आतून पिवळा रंग द्या. काळा फोन काळोख्या खणात विसरला जातो, ही या सोयीतली सगळ्यात मोठी गडबड.

पेठेतला_वाढपी
खण दोन टेबलांना करून बघतो. पण "घरून फोन आला तर?" हे विचारणारच.

ताकभात
बंद करा म्हणूच नका, फक्त खणात ठेवा. रिंग चालू राहू दे. नोटिफिकेशनचा त्रास असेल त्यांना "व्यत्यय आणू नका" मोड लावायला सांगा; त्यात घरचे नंबर वगळता येतात. अँड्रॉइडमध्ये त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर वाजू द्यायचीही सोय असते.

लिंबाची_फोड
एकट्याने जेवणाऱ्याने काय आमटीकडे बघत बसायचं? परीक्षेच्या तोंडावर ती लेक्चरं चैन नसतात हो. भिंतीकडच्या ८ खुर्च्या त्यांना सोडा.

ताकभात
हे मान्य. आणि नियम दिवसभर नको, १२.३० ते १.३० पुरे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला राहतात. वेळ ठरलेली असली की रोज वाद घालावा लागत नाही. भोंगा तेवढा नको, पेठेत शेजारी उलट तुमच्यावरच पाटी लावतील.

तुमची पाटी दारावर नको. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावा. मजकूर एवढाच: "लेक्चर थांबवता येतं. पोळी निवते."