ओतकामाचा पहिला सराव आभासी वास्तवातून द्यावा का?

प्रश्न (फौंड्री पर्यवेक्षक, शिरोली):
नमस्कार. सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस लेडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून) साच्यात ओतण्याचे काम आमच्याकडे दरवर्षी नवे शिकाऊ कामगार शिकतात. गेल्या पावसाळ्यात ओले भंगार भट्टीत पडले आणि रस उसळला. इजा कोणालाच झाली नाही, पण शेजारी उभा असलेला नवा मुलगा पुढे आठवडाभर भट्टीकडे फिरकला नाही. अशा मुलांना आधी डोळ्यांवर लावायच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवर सराव द्यावा, असे मालकांना सुचवायचे आहे. अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शिल्पनिदेशक, वेल्डिंग):
सर, वेल्डिंगच्या सिम्युलेटरवर (आभासी सराव यंत्रावर) टॉर्चचा कोन, सरकण्याचा वेग आणि जॉबपासूनचे, म्हणजे जोडायच्या तुकड्यापासूनचे, अंतर मोजले जाते, त्यामुळे ‘हात हलतोय’ असे मोघम सांगण्याऐवजी तो नेमका कोठे हलला हे मुलाला दाखवता येते आणि पत्रा वाया न घालवता तोच जोड वीस वेळा करून घेता येतो. तरीही पहिली खरी ठिणगी मनगटावर पडली की सिम्युलेटरवर उत्तम गुण मिळवलेला मुलगाही दचकतो, म्हणून त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच उभा राहतो.

उत्तर २ (देखभाल व सुरक्षा, गोकुळ शिरगाव):
आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १६०० पटींनी वाढते, म्हणून ओल्या भंगाराचा स्फोट प्रत्यक्ष करून दाखवणे अशक्य आहे, आणि माझ्या मते हेडसेटचे खरे मोल अशाच प्रसंगासाठी आहे. ढिगातील ओला तुकडा ओळखून मुलाने भट्टीत भंगार भरणे थांबवले पाहिजे, एवढाच एक प्रसंग आधी नीट तयार करून घ्या. लेडलचे वजन आणि तोंडावर येणारी धग मात्र हेडसेटमध्ये नसते. वजनाची सवय कोरडी वाळू भरलेल्या लेडलने करून घ्यावी. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, त्यामुळे काहींना मळमळते. म्हणून जागेवर उभे राहून करण्याचेच प्रसंग घ्या आणि सत्र दहा-पंधरा मिनिटांत संपवा. सूचना मराठीबरोबर हिंदीतही हव्यात, कारण भट्टीवर परप्रांतीय कामगारही असतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ओल्या भंगाराचा प्रसंग लिहिताना त्या मुलालाच सोबत बसवतो. रस उसळण्याआधी त्याला काय दिसले, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.