मशीन स्लो होतं म्हणून विकतचा अँटिव्हायरस काढून टाकला. बरोबर केलं की चूक?

लक्ष्मीपुरी_डीटीपी
मंडळी, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल, असली कामं. मशीन २०१६ चं: आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. गेल्या लग्नसराईत दुपारी बाराला कोरल (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायला घेतलं की सहा-सात मिनिटं जायची. नवरीचे वडील समोर खुर्चीत बसलेत, मुहूर्त १२:३५ चा १२:४२ करायचाय, काम दोन मिनिटांचं, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. फार वाईट वाटायचं.

टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्क्यांवर. विकतच्या अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रोज दुपारी बाराला लावलेलं होतं. ते रात्रीवर ढकललं. पण रात्री मशीन बंद असतं, म्हणून सकाळी चालू केल्याबरोबर तेच सुरू व्हायचं.

स्कॅन नसतानाही कोरल जडच चालायचं. माझ्या मते कारण फॉन्ट. ३,५०० च्या वर फॉन्ट आहेत माझ्याकडे, वीस-पंचवीस वर्षांत साठलेले. कोरल सुरू होताना ते सगळे चाळतं. प्रत्येक फॉन्ट ही वेगळी फाइल, आणि प्रत्येक फाइल उघडताना अँटिव्हायरस तिला दारात अडवून तपासणार. फिरती हार्ड डिस्क विखुरलेल्या फाइली सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचते. तिच्यावर असे दोघं बसले तर काय होणार?

शेवटी लायसन्सचे चार महिने शिल्लक असताना तो काढला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला. मग पुढच्या वर्षीच्या लायसन्सला ठेवलेल्या पैशात थोडी भर घालून १,७०० रुपयांचा एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवला. आता कोरल ४० सेकंदांत उघडतं. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या दुकानदारानं विकतच्या अँटिव्हायरसवर पैसे घालू नयेत. एसएसडी घ्यावा, बॅकअपला डिस्क घ्यावी. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

शिरोली_व्हीएमसी
दादा, तुमचं काम वेगळं, आमचं वेगळं. आमच्याकडं शिरोली एमआयडीसीत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हनं धातू कापायच्या व्हीएमसी मशीनवर जातोय. एका मशीनच्या कंट्रोलरात अजून विंडोज एक्सपी हाय. त्याला २०१४ पासनं मायक्रोसॉफ्टचा अपडेट न्हाई. मशीन देणारा सांगून गेलाय, ह्यात बाहेरचं काय बी घालायचं न्हाई, घातलं तर वॉरंटी संपली. म्हंजे त्या मशीनला राखण एकच, हापिसातला पीसी. पेन ड्राइव्ह तिथं तपासायचा आणि मगच खाली न्यायचा.

दोन वर्सामागं शॉर्टकट व्हायरस आलावता. पेन ड्राइव्ह उघडला तर सगळी फोल्डरं गायब, नुसते शॉर्टकट. फाइली आतच लपवलेल्या असत्यात हे आमच्यातल्या एका पोराला ठावं हुतं म्हणून प्रोग्रॅम परत मिळालं. तरी दीड शिफ्ट मशीन उभी. फाउंड्रीतनं कास्टिंग येऊन पडलेलं, गाडी भरायची वेळ ठरलेली. पीसी पाच मिनिटं उशिरा उघडला तर माझं काय जात न्हाई. मशीनचा स्पिंडल, म्हंजे हत्यार फिरवणारा दांडा, थांबला की तासाचा पैसा जातोय.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
भाऊ, पेन ड्राइव्ह माझ्याकडेही दिवसाला पंधरा-वीस येतात. पण त्यातली फाइल उघडताना डिफेंडरही तपासतोच की. त्यासाठी विकतचाच का पाहिजे?

शिरोली_व्हीएमसी
कारण हापिसातल्या त्या पीसीला नेट न्हाई. मुद्दाम तोडलंय. डिफेंडर अपडेटशिवाय किती दिवस चालणार? आमचा विकतचा हाय, त्याचा माणूस आठवड्याला येतोय, अपडेटची फाइल घालून जातोय. पैसं मी त्या माणसाच्या येण्याचं देतोय.

विद्यापीठ_एमएस्सी
काका, तुमचं फॉन्टचं निदान मला पटलं, पण निष्कर्ष नाही. तुम्ही एका दमात दोन गोष्टी बदलल्या. अँटिव्हायरस काढला आणि एसएसडी घातला. मग सहा मिनिटांचे ४० सेकंद झाले ते कशामुळे, हे कसं सांगणार? साधा सॅटा एसएसडीसुद्धा विखुरलेल्या फाइली सेकंदाला हजारोंनी वाचतो. माझा अंदाज, श्रेय जवळजवळ सगळं त्याचंच आहे.

फाइल उघडताना नक्की काय होतं ते सांगतो. विंडोजमध्ये फाइलींच्या वाटेवर एक फिल्टर ड्रायव्हर बसलेला असतो. कोरलनं फाइल मागितली की तो मागणी थांबवतो, इंजिन फाइल तपासतं आणि मग वाट मोकळी होते. हे डिफेंडरही अगदी असंच करतो. एकदा तपासलेली फाइल बदललेली नसेल तर दोघंही ती बहुधा पुन्हा पूर्ण तपासत नाहीत, लक्षात ठेवतात. नवी व्हायरस यादी आली की मात्र ती आठवण बऱ्याचदा पुसली जाते. म्हणून सकाळी पहिल्यांदा उघडताना जड आणि दुपारी तेच हलकं, असा अनुभव येतो.

डिफेंडर म्हणजे हलका, ही समजूतही तपासून घ्या. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था फाइल कॉपी करणं, प्रोग्रॅम बसवणं, उघडणं अशा कामांवर अँटिव्हायरसचा भार मोजते. तिच्या चाचण्यांत विकतचे काही डिफेंडरपेक्षा हलके निघालेले आहेत.

शिरोलीच्या दादांना एक: डिफेंडरच्या अपडेटची फाइलही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवता येते आणि पेन ड्राइव्हनं बिननेटच्या मशीनवर चालवता येते. फक्त ते दर आठवड्याला आठवणीनं करणारं कुणीतरी पाहिजे.

शाहूपुरी_अकाउंट्स
मला हा धागा वाचून राहवलं नाही. आमचं टॅलीचं काम, चाळीसेक व्यापाऱ्यांची खाती, त्यात गूळवाले जास्त. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सकाळी ऑफिस उघडलं तर सगळ्या फाइलींच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट. एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे.

आदल्या संध्याकाळी आमच्याकडच्या मुलानं पीडीएफ एडिट करायचं एक क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर उतरवलं होतं. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये पहिलीच ओळ, अँटिव्हायरस बंद करा. त्यानं डिफेंडर बंद केला. मशीन स्लो होतं म्हणून आम्हीच त्याला एरवीही बंद करायला सांगायचो, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम यूएसबीला लावलेली. तीही गेली.

या जातीच्या रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात हे नंतर कळलं. एम्सिसॉफ्ट कंपनीनं २०१९ मध्ये त्यावर फुकट तोड दिली होती, पण ती ठरावीक प्रकारच्या किल्लीलाच चालते. आमची किल्ली त्यातली नव्हती. दीड महिना आम्ही तिघीजणी बिलांच्या पिशव्या घेऊन पुन्हा एंट्री करत होतो, पार मार्चअखेरीपर्यंत.

त्यानंतर मी विकतचा घेतला, आणि त्याला पासवर्ड लावला. माझ्याशिवाय कुणी बंद करू शकत नाही. दादा, हळू चालेल, पण चालेल. तुमच्या ४० सेकंदांचं मला कौतुक आहे, पण त्यासाठी लोकांना अँटिव्हायरस काढा म्हणू नका. वाचणारा फक्त ‘काढा’ एवढंच लक्षात ठेवतो.

हार्डवेअर_राजारामपुरी
ताई, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटतं. अशी मशीन माझ्या टेबलावर वर्षाला पाच-सहा येतात आणि बहुतेकांत क्रॅकच सापडतो. पण पासवर्डचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. मुलाला सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिन खातं दिलं होतं, ही खरी चूक. साधं खातं दिलं असतं तर तो डिफेंडर बंदही करू शकला नसता आणि त्याला असलं सॉफ्टवेअर बसवतानाही पासवर्ड मागितला गेला असता. त्याला एक रुपया लागत नाही. डिफेंडरमध्येच कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस म्हणून एक सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोल्डरमध्ये लिहूच देत नाही. ती मुळात बंद असते, चालू करावी लागते. टॅलीला त्यात परवानगी द्यायची विसरू नका, नाहीतर टॅलीच अडेल.

मी अठरा वर्षं दुरुस्ती करतो आणि लायसन्सही विकतो, त्यात मला कमिशन मिळतं, हे आधीच सांगून टाकतो. तरीही सांगतो, ४ जीबीच्या मशीनवर मी स्वतः विकतचा संपूर्ण संच घालत नाही. त्यात नुसता अँटिव्हायरस नसतो. ब्राउझरची पट्टी, सफाईचं टूल, व्हीपीएन, पासवर्ड ठेवायची तिजोरी, सगळं एकदम बसतं आणि सगळं रॅम खातं. रॅम भरली की विंडोज हार्ड डिस्कवर पसारा मांडतं आणि तिथं मशीन झोपतं. लोक म्हणतात अँटिव्हायरसनं स्लो केलं. खरं तर बाकीच्या लटांबरानं केलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस. आठवड्यात एक तरी दिसतो. दोघंही एकाच फाइलीवर झडप घालतात.

आणि हा राखणदार किती आत बसतो तेही विसरू नये. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं एक्सपीमधली विंडोजचीच svchost नावाची फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर मशीन बंद पडली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेली, विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. जितका जास्त अधिकार, तितकी चूक महाग.

शाहूपुरी_अकाउंट्स
खात्याचं मान्य. सोमवारीच करून घेते. विकतचा मात्र काढणार नाही. ज्यानं एकदा दीड महिना एंट्री केली आहे त्याला दोन कुलपं लागतात.

विद्यापीठ_एमएस्सी
एक धोक्याची सूचना. मशीन हलकं करायला बरेच जण एक्सक्लूजन लावतात, म्हणजे अमुक फोल्डर तपासू नको. फॉन्टच्या फोल्डरला लावलं तर समजू शकतो. पण मी होस्टेलवर अख्खी डी ड्राइव्ह आणि डाउनलोड्स वगळलेली मशीन पाहिली आहेत. त्यापेक्षा डिफेंडरचा परफॉर्मन्स अ‍ॅनालायझर पॉवरशेलमधून (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) चालवा. कोणत्या फाइली तपासायला किती वेळ गेला, ते तो क्रमानं दाखवतो. ठरवून केलेल्या स्कॅनलाही डिफेंडर मुळात प्रोसेसरचा सरासरी ५० टक्केच वापर करू देतो, तो आकडा कमीही करता येतो.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
विद्यापीठवाल्या मुलाचं म्हणणं डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी दुकान उघडून बसलो. एसएसडी तसाच ठेवला, तोच विकतचा अँटिव्हायरस परत बसवला, लायसन्स अजून संपलं नव्हतंच. प्रत्येक वेळी मशीन बंद-चालू करून तीन-तीनदा मोजलं. डिफेंडरवर कोरल ४१ सेकंद, विकतच्यावर ४९. मग आठ सेकंदांसाठी मी एवढं बोललो होतो. जुनी हार्ड डिस्क परत लावून फक्त डिफेंडरवर उघडलं तर चार मिनिटं वीस सेकंद. तेव्हा मुला, तुझंच खरं. माझा खरा शत्रू ती डिस्क होती.

पण ४ जीबी रॅममध्ये कोरल, फोटोशॉप आणि विकतचा संच तिन्ही उघडे ठेवले की मशीन आजही गुदमरतं, आणि डिफेंडरवर ते सुसह्य होतं. म्हणून माझ्या मशीनपुरता मी डिफेंडरवरच राहणार. ताईंनी म्हटलं ते मात्र लागलं. पहिल्या पोस्टमध्ये ‘काढा’ असा सूर नको होता.

शिरोली_व्हीएमसी
दादा, मोजून बघितलंसा, लय भारी काम केलंसा. आता एक इचारतो. तुमचं विंडोज १० हाय न्हवं? त्याचा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. मग डिफेंडर कुणाच्या जिवावर?

हार्डवेअर_राजारामपुरी
डिफेंडरची व्हायरस यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. पण यादी वेगळी आणि विंडोजमधली भोकं बुजवणं वेगळं. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरला, त्याचं भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी घातला नव्हता ते सापडले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, २०१६ चं आय-थ्री त्यात बसत नाही. तेव्हा विकतचा घाला नाहीतर फुकटचा, ते मशीन गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हला आणि नेटला एकदम उघडं ठेवू नका.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
घरी मुलीचा जुना लॅपटॉप पडून आहे. तो काउंटरवर ठेवतो, पेन ड्राइव्ह आधी त्यात लावायचा, फाइल तपासून मगच आत घ्यायची. कोरलच्या मशीनचं नेट काढून टाकतो आणि अपडेटची फाइल दर शनिवारी हातानं घालतो. एकच अडचण आहे, माझे निम्मे गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो लॅपटॉपवर उतरवून मोठ्या मशीनवर न्यायला पुन्हा पेन ड्राइव्हच लागणार. शिरोलीचे भाऊ, तुमच्याकडे ही ने-आण कशी करता, तेवढं सविस्तर लिहा.