अ‍ॅनिमे सगळ्या वयांना का धरून ठेवतं?

प्रश्न: कार्टून म्हणजे पोरांचं, असं आपण धरून चालतो. मग दहा वर्षांचं पोर आणि चाळिशीतला माणूस जपानी अ‍ॅनिमेत सारखेच कसे रमतात?

उत्तर १: मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथांत आहे. तिथली मासिकंच वयानुसार निघतात: शोनेन मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन आणि जोसेइ मोठ्यांसाठी. बऱ्याच मालिका त्यांतूनच येतात, त्यामुळे मोठ्यांची गोष्ट मुळातच मोठ्यांसाठी लिहिलेली असते.

उत्तर २: मला तंत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. सेकंदाला २४ फ्रेम, पण एकेक चित्र बहुधा तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे चित्रं आठच. १९६३च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या मालिकेने ही काटकसर टीव्हीवर रुळवली. वाचलेले कष्ट पार्श्वभूमीत आणि मोक्याच्या हालचालीत घालता येतात. चेहरा स्तब्ध, फक्त केसांची बट हलते. त्या थांब्यात मुलाला शांतता दिसते, मोठ्याला दुःख. थांबा उगाच ताणला तर मात्र दृश्य मरतं.

उत्तर ३: एक सांगतो, गोंडस चित्रावरून वय ठरवू नका. लहान मुलांचा गोड चित्रपट 'माय नेबर टोटोरो' आणि युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' १९८८मध्ये एकत्रच प्रदर्शित झाले होते, तेही एकाच स्टुडिओचे. मुलांना दाखवण्याआधी वयाचं प्रमाणपत्र बघाच.