मदत हवी आहे: पूर येणाऱ्या भागात घराचा विमा कुणी देतं का? (दुधाळी, कोल्हापूर)

दुधाळीकर
जून तोंडावर आलाय म्हणून सरळ विचारतो. तीन एजंटांना फोन झाले. पत्ता ऐकला की "बघून सांगतो" म्हणतात, परत फोन उचलत नाहीत. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा घरात पाणी होतं. सरकारनं असल्या भागासाठी घराचा विमा सोपा केलाय म्हणे. खरं काय? योजनेचं नाव आणि फॉर्म कुठं भरायचा एवढंच सांगा. आलमट्टीवर, म्हणजे कर्नाटकातल्या धरणामुळं पूर येतो का यावर, चर्चा नको.

तात्या_शाहूपुरी
घर स्वतःचं का भाड्याचं? तळमजला का वरचा? स्लॅब आहे का मातीच्या भिंतींचा जुना वाडा? काहीच लिहिलं नाहीस भावा, सांगायचं काय?

निवृत्त_विमावाला
योजना म्हणू नका, सरकार हप्ता भरत नाही. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून घराचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी ठेवायला लावलीय. आग, भूकंप, वादळ, पूर सगळं मूळ पॉलिसीतच. विम्याची रक्कम बांधकाम खर्चावर ठरते, जागेचा भाव धरत नाहीत. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरतात. दागिने त्यात नाहीत.
पॉलिसी विकायला ठेवणं कंपनीला बंधनकारक आहे, प्रत्येक पत्ता घेणं ही वेगळी गोष्ट. म्हणून एजंटाच्या मागं लागू नका, थेट शाखेत अर्ज द्या आणि नकार दिला तर लेखी मागा. एजंटाला यात फारसं सुटत नाही, फोन न उचलण्याचं तेही एक कारण.

माळा_बांधा
विम्यात पैसे घालवू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. मी ३९ झालं की फ्रीज, गाद्या, धान्य सगळं माळ्यावर चढवतो. लोखंडी अँगलचा माळा, एकदाच खर्च.

तात्या_शाहूपुरी
आणि भिंत कुठं चढवतोस? २०२१ ला आमची मागची भिंत ओल धरून दोन महिन्यांनी बसली.

पुण्यातला_कोल्हापूरकर
अमेरिकेत फ्लोरिडात खासगी कंपन्या वादळामुळं घरं नाकारायला लागल्या, तर राज्यानं २००२ मध्ये स्वतःचीच 'सिटिझन्स' नावाची विमा संस्था काढली. पुराचा विमा तिकडं वेगळाच, केंद्राचा, १९६८ पासून. ब्रिटनमध्ये २०१६ पासून 'फ्लड री' आहे. सगळ्या घरविमा कंपन्यांकडून वर्गणी घेतात आणि त्यातून पूरभागातल्या घरांचा हप्ता आवाक्यात ठेवतात. आपल्याकडं असं का नको?

टेकावरचा
म्हणजे नदीत घरं तुम्ही बांधायची आणि वर्गणी आम्ही भरायची. झकास.

तात्या_शाहूपुरी
नदीत कोण बांधलंय? आमचं घर आजोबांच्या वेळचं. ओढ्यात भराव टाकून अपार्टमेंट कुणी उठवल्या ते बघा आधी.

पुण्यातला_कोल्हापूरकर
ब्रिटनवाल्यांनी तेच केलंय बघा. २००९ नंतर बांधलेली घरं फ्लड रीत घेत नाहीत. जुन्याला आधार, पूररेषेत नवं बांधणाऱ्याला नाही.

पंचगंगा_प्रेमी
सगळ्याचं मूळ आलमट्टी. धागाकर्ता नको म्हणाला तरी बोलावं लागतं.

माळा_बांधा
पुराची कारणं तपासणाऱ्या सरकारी वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात आलमट्टीचं कारण नाही म्हटलंय.

पंचगंगा_प्रेमी
समितीच्या घरात पाणी आलतं काय?

जीप_वेडा
गाडी बुडाली तर स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं की साधा विमा हात वर करतो. इंजिनाचं ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण, घ्या.

दुधाळीकर
गाडी कुणी विचारली? असो. घर स्वतःचं, वडिलांच्या नावावर. स्लॅब. वर आम्ही राहतो, खाली पिठाची गिरणी.

निवृत्त_विमावाला
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! गृह रक्षा राहत्या घराला. गिरणी धंदा आहे, तिला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' वेगळी लागते. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असली की तीच. पूर तिच्यातही आहे. कदाचित एजंट गिरणीमुळंच बिचकले असतील. अर्ज वडिलांच्या नावानंच करा, आणि खाली गिरणी आहे हे लपवू नका. लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच तुमच्या अंगावर येईल.

सासू_सुनेचं_घर
माझा अनुभव. २०२१ ला नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत आम्ही चिखल धुऊन काढला आणि भिजलेलं कपाट भंगारात दिलं. फोटो दोनच. कंपनीनं निम्मं कापलं. कंपनीकडं तक्रार केली, तीस दिवस उत्तर नाही, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडं (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात ते) अर्ज दिला. तिथं फी नाही, वकील लागत नाही. पाणी ओसरलं की आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, झाडू नंतर.

दुधाळीकर
बरं. सोमवारी शाखेत जातो, दोन्ही अर्ज घेऊन. गिरणीची मोटर जमिनीला बोल्ट केलीय, ती इमारतीत धरतात का यंत्रात?

माळा_बांधा
मोटर माळ्यावर घ्या.