मदत हवी आहे: हिप्पारिऑनच्या दातावरून सागरी थराचं वय कसं जुळवायचं?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हिप्पारिऑन या तीन बोटांच्या घोड्यावर वाचतेय, आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

हा घोडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. बेरिंगच्या भूपुलावरून तो आशियात आला नि युरोपपर्यंत पसरला. युरोपात तो साधारण १.१ कोटी वर्षांपूर्वी दिसतो, तर पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक थरांत (हिमालयाच्या पायथ्याच्या जुन्या नदीगाळाच्या खडकांत) पुराचुंबकत्वावरून, म्हणजे खडकात नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या जुन्या चुंबकत्वावरून, त्याचं आगमन १.०७ ते १.०८ कोटी वर्षांपूर्वीचं धरतात. त्याची वरची दाढ चटकन ओळखू येते: घासलेल्या पृष्ठावर एनॅमलचं एक छोटं, सुटं बेट असतं. आजच्या घोड्यात तो भाग बाकीच्या दाढेला जोडलेला असतो.

आता प्रश्न. हा काळाचा फरक प्रवासाचा म्हणायचा, की जीवाश्मांची नोंदच तुटक आहे म्हणून दिसतो?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. नदीने वाहून आणलेली अशी दाढ किनाऱ्याजवळच्या सागरी थरात, फोरामिनिफेरांसोबत (ज्यांवरून सागरी थरांचं वय ठरवतात अशा कवचधारी सूक्ष्म जीवांसोबत) मिळाली, तर जमिनीवरचे आणि समुद्रातले थर जोडणारा तो फार मोलाचा दुवा. पण ती जुन्या थरातून उकरली जाऊन इथे पुन्हा गाडली गेलेली नाही, हे कसं ठरवता? कडा झिजलेल्या असतील तर शंका घ्यायची, एवढं कळतं. पण तेवढ्यावर वय सांगायला मन धजत नाही. गाडला गेलेला दात भोवतालातून रेअर अर्थ मूलद्रव्यं (लॅन्थॅनमसारख्या धातूंचा गट) शोषतो, म्हणून दातातल्या आणि भोवतालच्या गाळातल्या या मूलद्रव्यांची तुलना कुणी स्वतः केली आहे का? नमुना किती लागतो, दात फोडावा लागतो का?

सर म्हणतात, घोडा सोड, गाळ चाळून उंदरांचे दात शोध. उंदरांच्या जाती आणि त्यांच्या दातांची ठेवण काळानुसार भराभर बदलते, म्हणून थराचं वय ठरवायला ते सोयीचे. किनारी गाळात असे दात पुरेसे मिळतात का? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.