विषय: आईला घेऊन नैरोबीला परत जावं का?

लेस्टरहून, रविवार रात्री

मंडळातल्या सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेली कित्येक वर्षं मंडळाच्या या ईमेल-यादीवर मी फक्त वाचत आले. गणपतीची वर्गणी, दिवाळी अंकांची देवघेव, तेवढ्यापुरत्या कधी दोन ओळी टाकल्या असतील. आज मात्र सल्ला हवाय, आणि ज्यांनी पूर्व आफ्रिकेत दिवस काढलेत त्यांच्याकडूनच हवाय.

माझा जन्म १९७१चा, केनियातल्या किसुमूचा. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९७७मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियाची एकत्र रेल्वे मोडली तेव्हा त्यांची बदली झाली आणि आम्ही नैरोबीला, पार्कलँड्समध्ये आलो. लग्न होऊन मी इकडे आले, आईबाबा तिथेच राहिले. २००७च्या डिसेंबरात निवडणूक झाली, तिच्यामागून दंगली उसळल्या. किसुमूतली जळकी दुकानं टीव्हीवर बघून माझा धीर सुटला आणि मीच हट्ट करून दोघांना इकडे आणलं. बाबांची तयारी नव्हती. ते दोन वर्षांपूर्वी गेले.

आई आता ७९ वर्षांची आहे. अलीकडे विसरते. मध्यंतरी तिची स्मरणशक्ती तपासायला एक बाई घरी आल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजलेले. त्यांनी विचारलं, किती वाजले? आई म्हणाली, चार. बाईंनी कागदावर फुली मारली. मी शेजारीच उभी होते, पण काय झालं ते लक्षात यायला मलाही थोडा वेळ लागला. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सकाळी सहापासून मोजतात. आपले सात वाजले की तिथे ‘सा मोजा’, म्हणजे एक. आपले दहा म्हणजे ‘सा न्ने’, चार. चाळीस वर्षं आई भाजीवालीशी, दूधवाल्याशी याच घड्याळाने बोलली होती. मी बाईंना नीट समजावून सांगितलं, पण फुली तशीच राहिली.

परवा रात्री आई म्हणाली, मला घरी ने. मला वाटलं, संगमेश्वरचं माहेर म्हणेल. पण ती म्हणाली, पार्कलँड्सला.

यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मुलं मार्गी लागलीत. दोघांच्याही मनात आहे, की सरळ उठावं आणि परत जावं. आईकडे अजून केनियाचा पासपोर्ट आहे, इथे राहण्याचा कायमचा परवाना आहे. आम्ही दोघं ब्रिटिश. हे शहाणपणाचं आहे का, आणि असेल तर आधी काय करावं? कृपया स्पष्ट लिहा.

*

नैरोबीहून, सोमवारी

प्रिय मुली,

तुझ्या बाबांना मी चांगला ओळखायचो. मंडळाच्या गणपतीत आरास उभी करायची तर पहिली हाक त्यांनाच जायची. ते गेल्याचं तुझ्या पत्रातूनच कळलं. फार वाईट वाटलं.

स्पष्ट लिही म्हणालीस म्हणून आधी सगळ्यात अवघड तेच लिहितो. आई ज्या घराची आठवण काढतात ते घर आता नाही. ती अख्खी बैठ्या बंगल्यांची गल्ली गेली, तिथे दहा-बारा मजल्यांच्या इमारती झाल्या. जॅकरंडाची झाडं काही उरलीत, ऑक्टोबरात रस्ता अजून जांभळा होतो. विसरणाऱ्या माणसाला नव्या फ्लॅटमध्ये आणून ‘हे पार्कलँड्स’ म्हणून सांगितलं तर त्याचा गोंधळ वाढूही शकतो. डॉक्टरांशी हे बोलून घे. पण हेही खरं, की इथे आईंनी दहाला चार म्हटलं तर कुणी फुली मारणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी तीन महिने राहून बघा, आणि एप्रिलमध्ये या. डिसेंबरात सगळेच येतात. हवा छान असते, घरोघरी पाहुणचार होतो आणि त्या आनंदात लोक फ्लॅट घेऊन मोकळे होतात. मार्च ते मे मोठा पाऊस. तेव्हा रस्ते तुंबतात, वीज जाते, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास जातात. ते सोसलं तर पुढे जून-जुलैची थंडी बघा. रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि इथल्या घरांत हीटर नसतात. शहर कळसूबाईच्या शिखराहून उंचावर आहे हे आपण विसरतो. नव्याने आलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिला आठवडाभर जिना चढताना धाप लागते.

आता कागदपत्रं. आई केनियाच्या नागरिक, त्यांना येण्याला काहीच अडचण नाही. अडचण परतीची आहे. तुमच्याकडचा कायमचा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलं की रद्द होतो. म्हणजे आई इथे रमल्या नाहीत तर तुझ्या हातात दोन वर्षं आहेत, हे तारीख घालून लिहून ठेव.

तुझं उलट आहे. बाबा इथले नागरिक असताना तुझा जन्म झाला, म्हणजे तू जन्माने केनियाची नागरिक. ब्रिटिश पासपोर्ट घेतलास तेव्हा जुन्या कायद्याने ते नागरिकत्व गेलं. २०१०च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, आणि तुझ्यासारख्यांना अर्ज करून ते परत मिळवण्याचा हक्क आहे. बाबांच्या नागरिकत्वाचा दाखला आणि तुझा जन्मदाखला, दोन्ही मूळ प्रती शोध. नुसत्या भेटीला यायचं तर २०२४पासून व्हिसा नाही, पण निघण्यापूर्वी तुम्हा दोघांना ऑनलाइन ई-टीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, काढावा लागेल. यजमानांना कायमचं राहायचं तर त्यांचा अर्ज वेगळा. ते काम वकिलाकडूनच करून घ्या, ओळखीच्या एजंटाकडून नको.

पैशाचं एक कुणी सांगत नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन केनियात मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. इथे राहायला आल्यावर पहिल्यांदा जेवढी मिळेल तेवढीच पुढे वीस वर्षं. शिवाय तिथल्या सरकारी इस्पितळांचा आधार सुटतो. इथली खाजगी इस्पितळं चांगली आहेत, पण बिल भरमसाट येतं, आणि या वयात नवा आरोग्यविमा मिळणं फार कठीण. हा हिशेब जुळत नसेल तर बाकी काही जुळवत बसू नकोस.

घर बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघ, आधी पाण्याची टाकी बघ. नळाला पाणी आठवड्यातून किती वार येतं, बोअरवेल आहे का, टँकर कधी मागवतात, हे मालकाला विचारू नकोस, गेटवरच्या अस्करीला, म्हणजे पहारेकऱ्याला, विचार. तो खरं सांगतो.

आणि एक मनातलं. आपण ‘परत जाणं’ म्हणतो, पण आपल्यातले पुष्कळजण इथे राहूनही इथे नव्हते. मी वीस वर्षं जी स्वाहिली बोललो ती स्वयंपाकघराची आणि दुकानाची. पंचेचाळिशीत शिकवणी लावून व्याकरण शिकलो, तेव्हा उमगलं की तोवर मी नुसते हुकूमच सोडत होतो. ‘लेते’, आण. ‘न्जू’, इकडे ये. ‘नाओम्बा’, म्हणजे मी मागतो, विनंती करतो, हा साधा शब्द माझ्या तोंडात नव्हता. लाज वाटली. २०१७च्या जुलैत सरकारने इथल्या आशियाई लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, आम्ही पेढे वाटले. पण शेजारी त्याआधीच्या माझ्या वीस वर्षांवरूनही मला ओळखतात. येशील तर शिकवणी पहिल्या आठवड्यातच लाव.

तुझा काका

*

नैरोबीहूनच, सोमवारी रात्री

नमस्कार मावशी,

काकांनी सगळं लिहिलंय, मी थोडीच भर घालतो. नाशिकहून नोकरीच्या परमिटवर येऊन मला पाच वर्षं झाली.

उतरल्यावर विमानतळावरच सिमकार्ड घेऊन एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे द्यायची सोय, सुरू करून घ्या. भाजीवालीपासून घरभाड्यापर्यंत सगळे व्यवहार त्यावरच होतात. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगना २०१७पासून बंदी आहे, त्यामुळे भाजणी, पोहे, मसाले कापडी पिशव्यांत भरा. मेथी, दुधी, कारली, कढीपत्ता इथे ताजा मिळतो, तो आणू नका. अंधार पडल्यावर पायी हिंडू नका आणि रस्त्यात फोन हातात धरू नका.

आणखी एक महत्त्वाचं. इथे राहायला लागल्यावर पुण्याला लग्नाकार्याला जाल तेव्हा भारतात उतरताना पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. पण साठीनंतर ती टोचताना डॉक्टर फार विचार करतात, म्हणून आजींचं आत्ताच विचारून ठेवा.

*

टोरंटोहून, मंगळवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. लिहू की नको असं झालं होतं.

आमचं घर युगांडातल्या कंपालाचं. १९७२च्या ऑगस्टमध्ये तिथला लष्करशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली तेव्हा मी आठ वर्षांची होते. एंटेबीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सैनिक जागोजागी गाड्या थांबवायचे. एका ठिकाणी त्यांनी आजीच्या हातातल्या पाटल्या काढायला लावल्या. एक निघेना, तर साबण आणून काढली. त्यांतला एकजण अगदी पोरगेला होता, तो आजीकडे न बघता साबण लावत होता. आजी पुढे नऊ वर्षं जगली, पण त्या रस्त्याबद्दल शेवटपर्यंत बोलली नाही.

१९९०नंतर मुसेवेनींच्या सरकारने जप्त केलेली घरं मूळ मालकांना द्यायला सुरुवात केली. वडिलांनी अर्ज केला नाही. म्हणाले, त्या दाराला आता हात लावायचा नाही.

मी मात्र २०११मध्ये एकटी गेले, नुसतं बघायला. घर उभं होतं. आत तीन बिऱ्हाडं राहत होती. एक बाई अंगणात दगडावर भुईमूग वाटत बसल्या होत्या. जवळ गेले तर तो आमचा पाटा. एक कोपरा फुटलेला, तो माझ्या काकाच्या हातून फुटला होता आणि त्याला त्यावरून मार बसला होता, म्हणून मला पक्का आठवतो. वरवंटा नव्हता, त्यांनी नदीतला गोटा घेतला होता. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, मला तो हवाय. त्या उठल्या, दगड धुतला, पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मी नको म्हटलं. मग त्यांनी मला बसवून घेतलं, त्याच भुईमुगाचं कालवण मातोकेबरोबर, म्हणजे शिजवलेल्या कच्च्या केळ्यांबरोबर, वाढलं. मी जेवले.

ताई, केनिया म्हणजे युगांडा नव्हे हे मला कळतं. तुम्हाला कुणी हाकललं नाही. पण ‘परत’ हा शब्द माझ्याच्याने लिहवत नाही. आपण येतो असं आपल्याला वाटतं, तेव्हा तिथे कुणाचा तरी संसार चाललेला असतो. तुम्ही जा, आईंना जरूर न्या. फक्त जुन्या घराच्या दारात त्यांना अचानक नेऊन उभं करू नका. आधी एकट्या जाऊन या.

*

लेस्टरहून, शनिवारी

काका, टोरंटोच्या ताई, आणि नाशिकच्या भाच्या,

तुम्हा तिघांची पत्रं मी आईला वाचून दाखवली, एका दमात नाही, तीन संध्याकाळी मिळून. पाट्याचं ऐकून ती खूप वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, भुईमूग भाजलेला होता की कच्चा? ताई, तुम्हाला आठवत असेल तर कळवा, ती रोज विचारतेय.

काका, तुमचं ‘लेते’ आणि ‘नाओम्बा’ वाचलं तेव्हा आई पटकन म्हणाली, “लेते तुझे बाबा म्हणायचे. मी नाओम्बाच म्हणायचे. महिनाअखेरीला भाजी उधार घ्यायची असायची.” चाळीस वर्षांत ती उधारीचं माझ्याजवळ कधी बोलली नव्हती. मला वाटायचं, आमचं बरं चाललं होतं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे हिशेब मांडला. पेन्शनची वाढ आणि आईचा विमा, दोन्ही धरून कायमचं जाणं आज तरी झेपत नाही. ह्यांना ते मान्य करायला जड गेलं, मलाही. म्हणून इथला फ्लॅट विकायचा विचार सोडला. ३ एप्रिल ते जूनअखेर अशी तिघांची जाण्यायेण्याची तिकिटं काढलीत. आईच्या दोन वर्षांचा हिशेब फ्रिजवर तारखेनिशी चिकटवलाय. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, मात्र उंचीमुळे पहिले चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती सांगितलीय. लशीला ते नाही म्हणाले, त्यामुळे तिथून परस्पर पुण्याला जायचा बेत रद्द केला.

माझा जन्मदाखला सापडला. बाबांचा नागरिकत्वाचा दाखला अजून मिळाला नाही. त्यांच्या हत्यारांची पत्र्याची पेटी तेवढी उघडायची राहिलीय, ती उद्या उघडते.

ताई, तुमचं ऐकते. पहिल्या आठवड्यात जुन्या गल्लीत मी एकटीच जाऊन येईन. आईला तिथे न्यायचं की नाही ते नंतर ठरवेन.

काका, तुमच्याजवळपास तळमजल्यावर तीन महिन्यांसाठी घर मिळेल का? पाण्याचं मी अस्करीला विचारेन, पण तुम्हीही बघा. शिकवणी कुठे लावायची तेही सांगा, आम्ही दोघंही येऊ. विमान ४ एप्रिलला सकाळी सहाला उतरतं. आईने कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने बारा लिहून ठेवलंय. काकूंना विचारून कळवा, गोडा मसाला किती आणू?