मदत हवी आहे: थंडीत सड्यावर डिस्क गोल्फ. दहिवर, वारा आणि गवतात हरवणाऱ्या डिस्क

सड्यावरची:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या कातळाचं उघडं पठार. भाचा फिनलंडला असतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला आला तेव्हा अकरा डिस्क घेऊन आला आणि आम्हाला डिस्क गोल्फ शिकवून गेला. खेळ नवा वाटेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: काठी-चेंडूऐवजी चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या टोपलीत घालायची. शाळेतली सातवी-आठवीची नऊ मुलं, मी आणि माझे दीर असे आम्ही खेळतो. जुन्या सायकलची रिम, हार्डवेअरच्या दुकानातली साखळी आणि खाली घमेलं असं जोडून वेल्डरकडून दोन टोपल्या करून घेतल्या.

आमच्याकडे खेळायला मिळतात ते चारच महिने. पावसाळ्यात सडा निसरडा आणि पाण्याने भरलेला, मार्चनंतर कातळ इतका तापतो की मुलांना नेववत नाही. म्हणून दिवाळी ते शिमगा हाच आमचा हंगाम, आणि तो नीट खेळता यावा अशी फार इच्छा आहे. थंडीतल्या खेळाबद्दल वाचायला गेलं की सगळा सल्ला बर्फाचा. हातमोजे घाला, डिस्कला रिबीन चिकटवा म्हणजे बर्फात सापडेल. भाचाही तेच सांगतो.

माझ्या अडचणी वेगळ्या आहेत. सकाळी सातला गेलो तर दहिवराने गवत चिंब असतं, डिस्क हातातून सुटते आणि भलतीकडे जाते. दुपारी चारला गेलो तर समुद्रावरून असा वारा येतो की समोर फेकलेली डिस्क उलटून उजवीकडे पळते. आणि गवत! गुडघाभर, वाळून पिवळं झालेलं. अकरातल्या तीन डिस्क त्यातच गेल्या, त्यातली एक पिवळी होती. इथे त्या विकत मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक हरवलेली डिस्क मुलांच्या मनाला लागते. कोणी कोकणात खेळलं आहे का?

खाडीपलीकडे:
ताई, वाचून इतका आनंद झाला! मी नोकरीनिमित्त तीन वर्षं स्वीडनमध्ये होतो, तिथे खेळायचो. आता गुहागरला असतो.

आधी वाऱ्याचं. चूक तुमच्या हाताची नाही. समोरून वारा आला की डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, आणि वेग वाढला की ती उलटायला बघते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकली तर उलटते ती उजवीकडेच. मागून वारा असेल तर याच्या उलट: लवकर खाली बसते आणि डावीकडे जास्त वळते. म्हणून समोरच्या वाऱ्यात ओव्हरस्टेबल, म्हणजे सहज न उलटणारी, डिस्क घ्या, नाक (पुढची कड) खाली ठेवा आणि छातीच्या वर जाऊ देऊ नका. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात, त्यातला शेवटचा फेडचा, म्हणजे वेग कमी झाल्यावर शेवटी ती किती वळते त्याचा. तो ३ किंवा ४ असलेली वाऱ्यासाठी राखून ठेवा. मात्र जांभ्यावर आपटून कड झिजली की तीच डिस्क हळूहळू उलटायला लागते, त्यामुळे जुनी झालेली वाऱ्यात काढू नका. कडेला आलेली कुसळं पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावीत, नाहीतर बोट कापतं.

दहिवरासाठी दोन फडकी. एक ओलं पुसायचं, दुसरं कोरडं, ते फक्त हातासाठी. दुसऱ्याने डिस्क कधीच पुसायची नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी सांगा. लाकडाच्या गिरणीतला बारीक भुसा जुन्या मोज्यात भरून गाठ मारा, फेकण्याआधी मुठीत दाबा. तिकडे असल्या पुरचुंड्या विकत मिळतात, आपल्याला फुकट. चकचकीत महाग प्लास्टिक ओलं झालं की फार निसटतं. सकाळी साधी, खरखरीत प्लास्टिकची पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या अंतराची) वापरा.

बापू_मालवण:
बाईनू, सडो सोडा, किनाऱ्यावर खाली या! ओहोटीची पुळण कातळापेक्षा बरी. ओली वाळू घट्ट असते, डिस्क झिजत नाही आणि हरवत तर नाहीच.

वेळ काढायला आमच्या वडिलांचा हिशेब: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबपर्यंत मागे गेलेलं. चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्या हे दिवस मुलांसाठी धरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा चारला सुरू करायचं.

खाडीपलीकडे:
बापूकाका, हा हिशेब मला माहीत नव्हता, वहीत लिहून घेतला. पुळणीवर एकच भीती: या डिस्क बहुतेक बुडतात, त्यांचा भरवसा धरू नका. उजव्या हाताची बॅकहँड शेवटी डावीकडे वळते. म्हणून समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे फेकायचं. चुकली तरी सुरूच्या झाडांकडे जाईल, पाण्यात नाही. उत्तरेकडे येताना मुलांना फक्त पटर द्या. डावखुरं कोणी असेल तर सगळं उलट.

आंबेवाली:
खेळातलं मला कळत नाही, पण सड्यावरचं कळतं, म्हणून लिहिते. ताई, मुलांना गवतात हात घालू देऊ नका. देवगड-रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप फार. दगडाखाली, गवताच्या बुडाशी वेटोळं करून बसतं आणि मातीच्या रंगाचं असल्याने दिसत नाही. प्रत्येकाच्या हातात काठी आणि पायात बूट हवेत. आधी काठीने गवत हलवायचं, मग काठीनेच डिस्क ओढायची. चावलंच तर बांधाबांध, चिरणं काही करू नका, थेट सरकारी रुग्णालयात न्या. तिथे त्या विषावरचं औषध असतं.

दुसरं, गवत कापून उडव्या रचल्या की मग त्या जागेवर खेळा. मालकाला आधी विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. आंब्याच्या बागेच्या कडेला मात्र नको. डिसेंबर-जानेवारीत मोहोर असतो, एक चकती फांदीवर बसली तरी बागवाल्याचं वर्षाचं नुकसान.

आणि सड्यावर कातळशिल्पं आहेत का ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या. गवताखाली झाकलेली असतात. कोकणातल्या काही ठिकाणांची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तिथे टोपली रोवायला पहार मारू नका.

सड्यावरची:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फुरशाचं वाचून अंगावर काटा आला, कारण मुलं आजवर हातानेच गवत चाळत होती. आजच सगळ्यांना काठ्या आणायला सांगितलं.

आमच्या वाटेवर एक शिल्प आहे, चौकटीत माशासारखं काहीतरी. दुसरी टोपली तिथून जेमतेम पंधरा पावलांवर आहे. ती हलवते.

अजून दोन प्रश्न. खाऱ्या हवेने साखळी महिन्यात गंजते, काय लावावं? आणि टोपल्या दोनच आहेत, मुलांना निदान सहा हव्यात.

बापू_मालवण:
होडीच्या लोखंडाला आम्ही लावतो तेच, जुनं इंजिन ऑइल फडक्याने पुसून. पण डिस्कला लागलं तर पुन्हा निसटेल. तुम्ही खोबरेल लावा आणि टोपली रात्री पडवीत ठेवा.

खाडीपलीकडे:
सहा टोपल्यांची घाई नको. कॅलिफोर्नियात १९७५ साली पहिलं मैदान झालं तेव्हा तिथेही टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. खांबाला डिस्क लागली की झालं. तुम्ही बांबू रोवा, वर लाल फडकं बांधा. कातळात रोवता येत नसेल तर पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात उभा करा, म्हणजे पहारही लागणार नाही.

गवताला गुलाबी किंवा निळी डिस्क बरी. माझ्याकडे दोन गुलाबी पटर पडून आहेत, पत्ता निरोपात कळवा. आणि भाच्याची रिबीन टाकून देऊ नका. वीतभर लाल फीत खालच्या बाजूला चिकटवा, वाळल्या गवतात ती बर्फाइतकीच उठून दिसेल. फेक थोडी आखूड पडेल एवढंच.

सड्यावरची:
पत्ता पाठवला आहे. येत्या अमावास्येला चार वाजता मुलांना घेऊन पुळणीवर जाते, समुद्र उजवीकडे ठेवून. कसं झालं ते इथेच लिहीन.